तरुणांच्या चळवळीत निर्णय कोणाचा?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त हट्टा येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेत व्याख्यात्याने काय बोलावयाचे हे बहुधा ठरलेलेच असते. प्रथम पूर्वजांच्या श्रमांचे गुणगान करावयाचे आणि मग तरुणांस उपदेश करावयाचा. पैकी पहिले कार्य येथील ज्येष्ठ मंडळींनी माझ्याहून अधिक अधिकाराने केले आहे. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते मी केवळ कानांनी ऐकणार. दुसरे कार्य मी जाणूनबुजून टाळणार आहे. तरुणांना उपदेशाचा तुटवडा आहे असे मला वाटत नाही. तुटवडा आहे तो निराळ्याच गोष्टीचा, आणि तिच्याविषयी बोलावयाचे तर तरुणांशी नव्हे, आपणा वडीलधाऱ्यांशीच बोलावे लागते.

जी चळवळ तरुणांच्या नावाने आणि तरुणांच्या बळावर चालते, तीत निर्णय करावयाचा तो कोणी, हा माझा आजचा प्रश्न आहे. तो एखाद्या खेड्यातील तरुण मंडळापुरता आहे असे कोणी समजू नये. जगातील १७० हून अधिक देशांत पसरलेल्या आणि पाच कोटींहून अधिक सभासद असलेल्या एका चळवळीलाही तो शंभर वर्षे छळीत आला आहे. मी बालवीर चळवळीविषयी, म्हणजे ज्यांना आपण स्काऊट आणि गाईड म्हणतो त्यांच्याविषयी बोलत आहे. हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, ती चळवळ आपल्या शाळांतून आपल्या परिचयाची आहे, आणि तिच्या कारभाराचा इतिहास आपल्या देशाच्या, काही अंशी महाराष्ट्राच्याही, इतिहासात गुंतलेला आहे. त्यानंतर कॅथलिक कामगार तरुणांच्या चळवळीकडे वळेन, आणि अखेरीस आपल्या घरच्या गोष्टीकडे.

१९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल ह्या सेनाधिकाऱ्याने वीसएक मुलांचा मुक्काम भरविला. काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील होती, तर काही जवळपासच्या गावांतील कष्टकरी घरांतली. त्यांचे त्याने चार संघ पाडले, प्रत्येक संघास पशूचे किंवा पक्ष्याचे नाव दिले आणि प्रत्येक संघावर त्यांच्यातलाच एक मुलगा नायक नेमला. संघात काय चालले आहे ह्याची जबाबदारी त्या मुलाची. ज्याचे अर्धे आयुष्य हुकूम देण्यात आणि घेण्यात गेले, त्याच मनुष्याने मुलांच्या बाबतीत हुकूमाचा मार्ग सोडून दिला, ही गोष्ट मला त्याच्या सर्व पराक्रमांहून मोठी वाटते.

पुढे ह्या संघपद्धतीला एक जोड मिळाली. तिला आपल्याकडे मानसभा म्हणतात. पथकातील सर्व संघांचे नायक एकत्र बसतात. पुढचा मुक्काम कोठे करावयाचा, जमलेले पैसे कशावर खर्च करावयाचे, एखाद्याने आपल्या वचनाला बाध आणला तर काय करावयाचे, हे ते ठरवितात. पथकाचा शिक्षक तेथे असतो, सल्ला देतो, परंतु ती सभा त्याची नव्हे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मानसभा म्हणजे पथकाची ग्रामपंचायत. आणि तिचे सरपंच, सदस्य सारे बारा-चौदा वर्षांचे.

हे पुस्तकात आहे. प्रत्यक्षात काय आहे? मी शिक्षकी पेशात असताना एका शाळेतील पथक जवळून पाहिले. गणवेश उत्तम, गळपट्ट्याची घडी नेटकी, सव्वीस जानेवारीच्या संचलनात पावले एकसाथ पडत. पाहुणे आले की ह्याच मुलांनी दुतर्फा उभे राहावयाचे. परंतु त्या पथकाची मानसभा मी तेथे असेपर्यंत एकदाही भरली नाही. मुलांना निर्णय करण्याचे शिक्षण देण्यासाठी निघालेल्या चळवळीतून निर्णय तेवढा वगळला आणि बाकीचे सारे ठेवले, तर उरते ती कवायत. ती वाईट नाही. पण तिच्यासाठी निराळी चळवळ काढण्याचे कारण नव्हते.

आता खालून वर जाऊ. संघाचे पथक, पथकांचा जिल्हा, जिल्ह्यांचे राज्य, राज्यांचा देश, आणि सर्व देशांची मिळून जागतिक परिषद. पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९२० साली लंडन येथे भरली. आज ही परिषद साधारणतः तीन वर्षांनी भरते आणि चळवळीतील सर्वोच्च सत्ता तिची असते. मधल्या काळात कारभार पाहावा म्हणून ती गुप्त मतदानाने बारा जणांची जागतिक समिती निवडते. दैनंदिन कामासाठी एक कार्यालय व एक सरचिटणीस असतो. हे कार्यालय आधी लंडनमध्ये होते, तेथून कॅनडात ओटावाला गेले, १९६८ साली जिनिव्हाला आले, आणि अलीकडे त्याचा मोठा भाग मलेशियात क्वालालंपूरला हलला. आपल्या भागात तालुक्याचे ठिकाण किंवा जिल्ह्याची कचेरी हलावयाची म्हटली की काय गदारोळ होतो हे परभणी-हिंगोलीकरांस सांगावयास नको. तेव्हा जगाची कचेरी हलविताना काय झाले असेल ह्याची कल्पना करावी.

मतदानाचा नियम मात्र मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. जागतिक परिषदेत प्रत्येक राष्ट्रीय संघटनेस सहा मते. इंडोनेशियाची संघटना जगात सर्वांत मोठी, तिचे सभासद कोटींनी मोजावे लागतात. तिलाही सहा मते. इटलीच्या पोटात सॅन मारिनो नावाचे एक चिमुकले प्रजासत्ताक आहे, त्याची सारी लोकसंख्या आपल्या वसमत शहराहून कमी. त्यासही सहाच मते. कोणी म्हणेल, हा न्याय कसला? संख्येला काही मोल आहे की नाही? मला वाटते, हा नियम करणाऱ्यांनी संख्येचा विचार केला होता, म्हणूनच तो केला. संख्येप्रमाणे मते दिली असती तर चार मोठ्या देशांनी आपसांत ठरवावे आणि उरलेल्यांनी ऐकावे, एवढेच काम परिषदेला राहिले असते.

परंतु मत समान असले म्हणजे वजन समान होते असे नाही, ह्याचा धडा ह्याच संघटनेने २००७ साली घेतला. त्या वेळी एदुआर्दो मिस्सोनी नावाचे इटालियन डॉक्टर सरचिटणीस होते. त्यांच्या कारभारावर अमेरिकेची संघटना आणि आणखी काही राष्ट्रीय संघटना नाराज झाल्या. जागतिक परिषद २००५ साली ट्युनिशियात होऊन गेली होती आणि पुढची २००८ साली कोरियात व्हावयाची होती. म्हणजे जेथे सॅन मारिनोची सहा मते अमेरिकेच्या सहा मतांइतकीच भरतात, ती सभा अद्याप दूर होती. मधल्या काळात मतांचा नव्हे, पैशाचा उपयोग झाला. वर्गणी रोखण्यात आली. चळवळीसाठी निधी जमविणाऱ्या प्रतिष्ठाननेही हात आखडता घेतला. आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक समितीने सरचिटणीसांस दूर केले. त्यांचा कारभार चांगला होता की वाईट होता ह्याचा निवाडा मी करीत नाही. कदाचित परिषदेनेही तोच निर्णय केला असता. माझे म्हणणे एवढेच की, परिषदेस तो करण्याची संधी मिळाली नाही. आपल्या ग्रामसभेतही अठरा वर्षांवरील प्रत्येकाचा हात सारखाच मोजला जातो; परंतु हात वर करण्यापूर्वी ज्याच्याकडे पाहून घ्यावे लागते असा एखादा गृहस्थ सभेत असला, म्हणजे मोजणीला अर्थ किती उरतो हे आपण जाणताच.

आता आपल्या देशाकडे येतो. येथे थोडा अधिक वेळ घेईन, कारण ही हकीकत आपल्या शाळांतून सांगितली जात नाही.

भारतात ही चळवळ १९०९ साली बंगळूर येथे आली, ती गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. भारतीय मुलांस तिचे दार बंद होते. त्यांना रानावनांतून वाट काढण्याचे, खुणा ओळखण्याचे, संघटित राहण्याचे शिक्षण दिले तर ते त्याचा उपयोग कोणाविरुद्ध करतील, ही भीती सरकारास होती. दार उघडेना, तेव्हा आपल्या लोकांनी आपले घर निराळे बांधले. मद्रासेस ॲनी बेझंटबाईंनी भारतीय मुलांची संघटना काढली. त्याच सुमारास अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी ह्यांनी सेवा समितीची पथके उभारली. १९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः भारतात आले आणि एकी करण्याचा प्रयत्न झाला. बेझंटबाईंची संघटना सामील झाली. सेवा समिती झाली नाही. मुख्य अडचण वचनाची होती. ज्या वचनात सम्राटाशी निष्ठा आहे ते वचन आमच्या मुलांनी का उच्चारावे, असा त्यांचा सवाल होता. शिवाय अधिकृत संघटनेचा प्रमुख होता व्हाइसरॉय.

ह्यातील पेच पाहा. जागतिक संघटनेचा नियम असा की, एका देशातून एकाच संघटनेस मान्यता. नियम सरळ आहे, त्याशिवाय परिषद चालणे कठीण. परंतु जेथे देशच परक्याच्या ताब्यात आहे, तेथे ‘एक संघटना’ म्हणजे राज्यकर्त्यांची संघटना असा त्याचा अर्थ होऊन बसतो. १९३७ साली बेडन-पॉवेल पुन्हा आले. त्यांनी भारतीयांच्या स्वभावाविषयी काढलेल्या उद्गारांनी मने दुखावली, आणि १९३८ साली पुष्कळ पथके बाहेर पडून हिंदुस्थान स्काऊट संघटना स्थापन झाली. तीत मुलगे आणि मुली दोघांनाही स्थान होते. दैवयोग असा की, जागतिक संघटनेच्या सभासदांच्या यादीत भारताचे नाव दाखल झाले ते ह्याच १९३८ साली. म्हणजे जगाच्या वहीत भारत आत गेला आणि भारतातील मुले मोठ्या संख्येने बाहेर पडली, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. आणखी एक योगायोग सांगतो: त्याच वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे संचालक झालेले कर्नल विल्सन हे पूर्वी कलकत्त्याच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. ते चळवळीचे निष्ठावान सेवक होते, ह्यात शंका नाही. पण अलाहाबादेच्या मुलाला आपले गाऱ्हाणे जगापुढे मांडावयाचे झाल्यास पत्राच्या पाकिटावर कोणाचे नाव घालावे लागले असते, हे ह्यावरून ध्यानात येईल.

स्वातंत्र्य मिळाल्यावर नेहरू आणि मौलाना आझाद ह्यांनी ह्यात लक्ष घातले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही प्रवाह मिळून भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. गाईड मुलींची संघटना मात्र त्या दिवशी आत आली नाही. ती आली १५ ऑगस्ट १९५१ रोजी. सुमारे नऊ महिने मुली थांबल्या. मुलग्यांच्या मोठ्या संघटनेत आपला आवाज बुडून जाईल ही शंका कोणत्याही मुलींच्या संघटनेस येणे स्वाभाविक आहे. घाई न करणाऱ्यास आपण नेहमी अडेल म्हणतो, ते योग्य नव्हे.

फ्रान्सने हाच पेच निराळ्या रीतीने सोडविला, आणि तो आपणा कॅथलिकांस विशेष जवळचा आहे. तेथे १९२० साली जॅक सेव्हँ ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी कॅथलिक स्काऊटांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. २०१२ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘वंदनीय’ ही पदवी दिली. परंतु फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट, यहुदी आणि धर्मनिरपेक्ष अशा इतरही बालवीर संघटना होत्या. त्यांनी १९४० साली एक महासंघ केला. पुढे त्यात मुस्लिम संघटनाही आली. प्रत्येकाची प्रार्थना निराळी, पथके निराळी. जगाच्या सभेत मात्र फ्रान्सच्या नावे सहाच मते, आणि ती कशी द्यावयाची हे आधी घरात बसून ठरवावयाचे. हा मार्ग सोपा नाही. पण ज्या नियमाने आपल्याकडे फूट पडली, तोच नियम तेथे एकत्र बसण्याचे निमित्त ठरला.

मुलींच्या चळवळीविषयी एवढ्याने भागणार नाही. मुलींची जागतिक संघटना निराळी आहे. ती १९२८ साली हंगेरीतील पाराद येथे स्थापन झाली, आणि तिच्या परिषदेत प्रत्येक पूर्ण सभासद देशास एक मत असते. ह्या संघटनेने आपल्या मुलींनी जगभरातून येऊन एकत्र राहावे म्हणून जागतिक केंद्रे काढली. पहिले स्वित्झर्लंडच्या डोंगरात आडेलबोडेन येथे १९३२ साली, पुढे एक लंडनमध्ये, १९५७ साली एक मेक्सिकोत, आणि त्यानंतरचे आपल्या पुण्यात. आळंदी रस्त्यावरील ह्या केंद्राचे उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी बेडन-पॉवेल ह्यांच्या हस्ते झाले, आणि त्याचे नाव ठेवले ‘संगम’. परदेशच्या मुली आपल्या पत्त्यात हा शब्द लिहू लागल्या. आळंदीची वारी ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावर नॉर्वेची किंवा जपानची मुलगी महिनाभर राहते आणि जवळच्या वस्तीत सेवा करते, हे दृश्य कोणत्याही युरोपीय राजधानीत बसून आपोआप सुचण्यासारखे नव्हते. आशियातील नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना परिषदेत मत नसते, तर चौथे केंद्रही एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी निघाले असते असे मला वाटते. २०१७ साली तर ह्या संघटनेची जागतिक परिषदच दिल्लीत भरली.

आता कॅथलिक तरुणांची चळवळ. बेल्जममध्ये जोसेफ कार्डाइन नावाचे धर्मगुरू होऊन गेले. गरीब घरातला मुलगा. सेमिनरीतून सुटीत घरी आला तेव्हा त्याचे शाळासोबती कारखान्यांत लागलेले होते, आणि ते त्याच्याकडे परका म्हणून पाहत होते. तो सल त्यांनी जन्मभर बाळगला. १९२५ साली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ त्यांनी रीतसर उभी केली. तिचे सूत्र असे की, कामगार तरुणांचा उद्धार कामगार तरुणांनीच करावयाचा. आठ-दहा जणांनी बसावे. आपल्या कारखान्यात काय घडते ते पाहावे, सुवार्तेच्या प्रकाशात ते पारखावे, आणि मग काय करावयाचे ते ठरवून करावे. धर्मगुरू सोबत असतो, परंतु सभेचा अध्यक्ष तरुणच. पाहा, पारखा, कृती करा ही पद्धत पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६१ सालच्या आपल्या परिपत्रकात सर्व ख्रिस्तसभेला शिफारस म्हणून सांगितली. एका धर्मगुरूने कारखान्यातील पोरांबरोबर बसून घडविलेली ही रीत पोपच्या लेखणीपर्यंत पोहोचली.

१९५७ साली रोम येथे ह्या तरुणांचा मोठा मेळावा भरला, जगभरातून हजारो आले, आणि आंतरराष्ट्रीय चळवळ रीतसर स्थापन होऊन तिचा पहिला अध्यक्ष निवडला गेला. तो बेल्जमचा नव्हता, धर्मगुरूही नव्हता. तो रोमिओ मायोने नावाचा कॅनडाचा कामगार तरुण होता.

पुढची हकीकत कटू आहे, पण ती गाळून उत्सव साजरा करणे मला प्रशस्त वाटत नाही. कार्डाइन १९६७ साली निवर्तले. नंतरच्या वर्षांत चळवळीचा भर कोठे असावा ह्यावरून मतभेद वाढले. कामगारांच्या लढ्यात उतरताना श्रद्धेचे शिक्षण मागे पडते, असे एका बाजूचे म्हणणे. आमच्या जगण्याचा निर्णय आमच्याऐवजी दुसरेच करू पाहतात, असे दुसऱ्या बाजूचे. १९८० च्या दशकात चळवळ दुभंगली. एक नवी आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि पवित्र पीठाने तिला मान्यता दिली. जुनी संघटना आपल्या वाटेने चालत राहिली. दोन्ही आजपर्यंत आहेत. मला ह्यात कोणासही सर्वस्वी दोषी धरता येत नाही. ख्रिस्तसभेच्या नावाने चालणाऱ्या चळवळीची श्रद्धा शाबूत आहे की नाही हे पाहणे मेंढपाळांचे कर्तव्यच आहे. परंतु ज्यांना आपण तीस वर्षे सांगितले की निर्णय तुमचा, त्यांना अखेरचा शब्द आमचा असे कळले, म्हणजे ते निघून जातात. कोणत्या गोष्टीत शब्द कोणाचा, हे आरंभीच स्पष्ट लिहून ठेवले असते तर निदान कोणाची फसगत झाली अशी भावना राहिली नसती.

ह्यावर उपाय म्हणून सर्वत्र एक मध्यम मार्ग निघालेला दिसतो. तरुणांना सभेत खुर्ची द्यावयाची, मत द्यावयाचे नाही. बालवीरांच्या जागतिक समितीत तरुणांनी निवडलेले सहा सल्लागार बसू लागले. ते बोलत, मतदान करीत नसत. रोममध्ये २०१८ साली तरुणांविषयीच बिशपांची महासभा भरली. तीसहून अधिक तरुण-तरुणी श्रोते म्हणून उपस्थित होते, त्यांनी मनमोकळी भाषणे केली, टाळ्या वाजविल्या, आणि मतदानाच्या वेळी ते बाजूस बसले. तथापि गोष्ट तेथेच थांबली नाही. २०२३ सालच्या महासभेत बिशप नसलेल्या सुमारे ७० जणांना मताचा अधिकार मिळाला. त्यांत निम्म्या स्त्रिया होत्या, आणि तरुणही होते. ख्रिस्तसभेसारख्या प्राचीन संस्थेने पाच वर्षांत हे अंतर काटले, हे मी लहान मानीत नाही. आपल्या देशाच्या घटनेलाही मतदाराचे वय एकविसावरून अठरावर आणावयास १९८९ साल उजाडावे लागले.

आता घरची गोष्ट. धर्मग्रामात अखेरची जबाबदारी धर्मगुरूंची असते, आणि धर्मग्राम-परिषद ही सल्लागार असते, हा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. तो बदलावा असे सांगण्यास मी आलो नाही. आपल्या तरुण मंडळाला आज काय सोपविले जाते ते मी विचारले. मांडव घालणे, सतरंज्या टाकणे, गायन, पाहुण्यांची ने-आण. ही सर्व कामे चांगली आहेत आणि ती उत्तम झालेली आपण पाहत आहोत. परंतु त्यांतले ठरविण्याचे काम कोणते? मांडव कोठे घालावयाचा हेही आधीच ठरलेले होते, असे एकाने मला हसत हसत सांगितले. तो हसला म्हणून मी हसलो नाही.

म्हणून माझी सूचना लहान आहे. मोठ्या गोष्टीत तरुणांचे अर्धे मत घेण्यापेक्षा एक लहान गोष्ट त्यांना पूर्ण द्यावी. ऊसतोडीला दिवाळीनंतर घरेच्या घरे बाहेर पडतात. मागे राहिलेल्या मुलांचा अभ्यास कोणी घ्यावयाचा, हा ह्या भागातील प्रत्येक गावचा प्रश्न आहे. संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढावयाचा की नाही, काढला तर कोणत्या वस्तीत, कोणत्या वेळी, त्यात कोणाची मुले घ्यावयाची, हे तरुण मंडळाने स्वतः घरोघर जाऊन पाहावे, आपसांत पारखावे आणि ठरवावे. त्यासाठी महोत्सवाच्या शिल्लक रकमेतून काही पैसे त्यांच्या स्वाधीन करावेत. हिशेब त्यांनी लिहावा आणि दर तीन महिन्यांनी परिषदेपुढे वाचून दाखवावा. मंडळाच्या बैठकीत प्रत्येक वस्तीचे निदान दोघे असावेत, त्यांतली एक मुलगी. आणि मोठ्या वस्तीला अधिक मते नसावीत. परिषदेतील एका ज्येष्ठाने त्यांच्यासोबत बसावे, विचारल्यावर सल्ला द्यावा, आणि मत मोजण्याच्या वेळी बाहेर व्हरांड्यात येऊन बसावे.

कोणती गोष्ट त्यांच्या अधिकारात आहे आणि कोणती धर्मगुरूंच्या, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. वर्ग बंद पडला तर तो का पडला हे त्यांनीच सांगावे. पहिल्याच वर्षी पडला तरी पैसे परत मागू नयेत, दुसऱ्या वर्षीही द्यावेत. ह्या बाबतीत परिषदेची पुढची बैठक केव्हा आहे ते मला ठाऊक नाही, परंतु ऊसतोडीची गाडी भरण्यापूर्वी ती व्हावी.